‘आपल्याच माणसांविरुद्ध अर्ज कसा करू?’

टेक्सासहून एका ताईंचं पत्र आलंय. यजमान 51 वर्षांचे, ग्रीन कार्डवर. चौदा वर्षं एका विमा कंपनीत होते. कंपनीने त्यांचा अख्खा विभाग भारतात हलवला. ताई लिहितात, "परदेशी व्यापारामुळे नोकरी गेली तर इथलं सरकार मदत करतं म्हणे. पण हे कुठलाच अर्ज करत नाहीत. म्हणतात, भीक मागायची वेळ आलेली नाही. आणि काम आपल्याच देशात गेलंय, त्याची तक्रार काय करायची?"

आधी वाईट बातमी सांगून टाकते. तुम्ही ऐकलंत ती ट्रेड अ‍ॅडजस्टमेंट असिस्टन्स, म्हणजे टीएए. योजना 1962 पासूनची. पण तिची मुदत संपली आणि अमेरिकी संसदेने, म्हणजे इथल्या काँग्रेसने, ती वाढवली नाही, त्यामुळे 1 जुलै 2022 पासून कामगार खातं नवे अर्ज मंजूर करत नाही. जुन्या मंजूर गटांतल्या लोकांचे लाभ तेवढे चालू राहिले. तुमच्यासाठी ते दार बंद आहे. तुमच्या यजमानांची दोन्ही वाक्यं मात्र मी पूर्वी ऐकलेली आहेत. ओहायोतल्या एका जॉब सेंटरमध्ये, म्हणजे नोकरी शोधणाऱ्यांसाठीच्या सरकारी मदत केंद्रात, मी समुपदेशक होते, तेव्हा. (ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलतेय.)

ऑक्टोबर 2017. समोर नाशिकचे एक गृहस्थ बसलेले, वय 53. बी. कॉम., पुरवठादारांची बिलं चुकती करणाऱ्या खात्यात वर्षानुवर्षं काम, पगार 58,000 डॉलर. "ताई, रेझ्युमे तेवढा बघून द्या," एवढंच म्हणाले. नोकरी कशी गेली हे विचारल्यावर हळूहळू उलगडलं. डिसेंबर 2016 मध्ये खातं पुण्याला गेलं. जायच्या आधी तीन महिने यांनीच रोज सकाळी लवकर उठून खराडीतल्या एका मुलाला फोनवरून सगळं काम शिकवलं होतं. मुलगा हुशार, अदबीने बोलणारा. अजूनही व्हॉट्सअ‍ॅपवर विचारायचा, "सर, या पुरवठादाराचा जुना कोड कुठे सापडेल?" आणि हे उत्तर द्यायचे! पगार बंद होऊन दहा महिने झाले होते.

मी विचारलं, "बेकारी विमा घेतलात ना?"

नव्हता घेतला. लाज वाटली म्हणाले. खरं तर त्या विम्याचे पैसे मालक कर म्हणून भरतात, तुमच्या नोकरीच्या हिशोबातच ते धरलेले असतात. त्यात भीक कुठली? पण अर्ज केला त्या आठवड्यापासून तो सुरू होतो, मागचे आठवडे सहसा मिळत नाहीत. ते पैसे बुडाले ते बुडालेच.

मग मी टीएएचं काढलं. सेवाक्षेत्रातले लोक 2009 पर्यंत या कायद्यात बसतच नव्हते. कारखान्यात वस्तू बनवणारा तो कामगार, कीबोर्ड बडवणारा नव्हे, असा एकूण खाक्या. सॉफ्टवेअरवाल्यांना त्यासाठी कोर्टात जावं लागलं होतं. 2017 मध्ये मात्र हिशोबनीसही बसत होते. अट एवढीच, की नोकरी गेल्यापासून वर्षाच्या आत अर्ज जायला हवा. यांच्या हातात दोन महिनेही पुरते नव्हते.

फॉर्म 9042 मी टेबलावर ठेवला. काम परदेशात गेलं असं का वाटतं, हे तिथे लिहायचं असायचं. त्यांनी पेन उचललं आणि खाली ठेवलं.

"इथे ‘भारत’ लिहायचं? त्या पोराचं नाव घातल्यासारखंच झालं की. आपल्याच माणसांविरुद्ध अर्ज कसा करू?"

समुपदेशनात अशा वेळी घाई करायची नसते, पण मी केली. तारखा समोर होत्या. म्हटलं, "दादा, हा अर्ज कोणाच्या विरुद्ध नाही. कंपनीवर दावा नाही, त्या मुलावर ठपका नाही. काम कुठे गेलं, एवढंच सरकार विचारतंय. ते तुमच्याइतकं कोणाला माहीत आहे? शिकवलंत तुम्हीच." कंपनीचे कागद आणायची गरज नव्हती, चौकशी कामगार खातंच कंपनीकडे करायचं.

त्यावर ते हसले, पण सही केली नाही. त्यांना हलवलं ते वेगळ्याच गोष्टीने. हा अर्ज एकट्याचा नसायचा. कामगारांनी करायचा तर निदान तिघांच्या सह्या लागायच्या, आणि मंजूर झाला की त्या खात्यातून कमी केलेले सगळेच पात्र ठरायचे. बाकी कोणीच अर्ज केला नव्हता. "म्हणजे शेजारच्या टेबलवरच्या बाईलाही मिळेल? तिला नर्सिंगचं शिकायचं होतं," ते म्हणाले. स्वतःसाठी हात पसरणं त्यांना जमत नव्हतं, दुसऱ्यासाठी सही करणं जमलं. आपल्याकडच्या पुरुषांत हे मी पुष्कळदा पाहिलंय. त्या बाईंनी आणि आणखी एकाने सह्या केल्या.

अर्ज मंजूर झाला. बाईंच्या शिक्षणाचा खर्च योजनेतून निघाला. यांना शिकायचं नव्हतं, नोकरी हवी होती. ती एका शाळेच्या हिशोब खात्यात लागली, 47,000 वर. पन्नाशी ओलांडलेल्यांना, नवा पगार 50,000 च्या वर नसेल तर, जुन्या-नव्या पगारातल्या फरकाची निम्मी रक्कम दोन वर्षं मिळायची. इथे फरक 11,000, म्हणजे वर्षाला 5,500. दोन वर्षांची मिळून कमाल मर्यादा 10,000, म्हणून शेवटचे हजार गेले. जुना पगार काही परत आला नाही. कामगार पुढारी या योजनेला अंत्यविधीचा विमा म्हणायचे, ते अगदीच खोटं नव्हतं.

ताई, तुमच्या यजमानांनी बेकारी विम्याचा अर्ज याच आठवड्यात करावा. मग जवळच्या जॉब सेंटरमध्ये जाऊन ‘डिसलोकेटेड वर्कर’, म्हणजे कामावरून कमी केलेला कामगार, म्हणून नाव नोंदवावं. 2014 च्या डब्ल्यूआयओए या रोजगार-प्रशिक्षणाच्या कायद्याखाली प्रशिक्षणाची सोय अजून आहे, आणि तिथे काम कुठल्या देशात गेलं हे सिद्ध करावं लागत नाही. पैसे राज्यागणिक कमीजास्त असतात, म्हणून लवकर जा. (एच-वन-बीवर असणाऱ्यांचं गणित वेगळं. त्यांना देशात राहायला जास्तीत जास्त 60 दिवस मिळतात, त्यांनी आधी वकील गाठावा.) आणि ‘भीक’ हा शब्द निघाला, तर चौदा वर्षांच्या पगारपत्रकांचा गठ्ठा त्यांच्यापुढे ठेवा. वाद घालू नका.

नाशिकचे ते गृहस्थ वर्षभराने दिवाळीचा डबा घेऊन सेंटरवर आले होते. चकल्या वहिनींच्या हातच्या. मी त्या खराडीच्या मुलाची चौकशी केली.

"मेसेज नाही येत आता. येतंय त्याला सगळं."