गोळीवरचा जिलेटिनचा अंगरखा आणि पेटंटची नोटीस

प्रश्न : आमचा औषधी गोळ्या बनवण्याचा लहान कारखाना आहे, दुसऱ्या कंपन्यांसाठी माल करून देतो. चार वर्षांपूर्वी एका देशी उत्पादकाकडून यंत्र घेतलं. त्यात तयार गोळी जिलेटिनच्या दोन पट्ट्यांमध्ये सोडली जाते आणि फिरत्या डाय रोलखाली पट्ट्या तिच्याभोवती चिकटून कापल्या जातात. आता दुसऱ्या एका यंत्रनिर्मात्या कंपनीच्या वकिलाची नोटीस आली आहे. या रचनेचं पेटंट त्यांना अकरा महिन्यांपूर्वी मंजूर झालं, म्हणून पंधरा दिवसांत यंत्र बंद करा, चार वर्षांचा हिशेब द्या आणि सोबतच्या हमीपत्रावर सही करा, असं त्यात आहे. यंत्र विकणारा म्हणतो, ‘आमचंही पेटंट आहे, काळजी करू नका.’ लेखी मात्र काही देत नाही. एक गोष्ट सांगून टाकतो : खरेदीपूर्वी आम्ही या नोटीस देणाऱ्या कंपनीचंही कोटेशन घेतलं होतं. त्यांच्या माहितीपत्रकावर ‘पेटंटेड’ असं छापलेलं आठवतं. पोलिसांचं काही लफडं होईल का? यंत्र बंद करू का?

उत्तर : पोलिसांची भीती आधी काढून टाका. पेटंटचा भंग हा आपल्याकडे दिवाणी मामला आहे. त्यासाठी कोणी अटक करायला येत नाही. हमीपत्रावर सही करू नका आणि विक्रेत्याच्या तोंडी दिलाशावर विसंबू नका.

नोटिशीसोबत पेटंटचा पहिला दावा (म्हणजे खटला नव्हे, शोधाची हद्द आखणारं पेटंटमधलं वाक्य) जोडलेला आहे आणि तो तुम्ही मला उतरवून पाठवलात, हे फार बरं केलंत. बहुतेक लोक नोटिशीचं पहिलं पान वाचून घाबरतात आणि शेवटचं पान वाचतच नाहीत. तुमच्या प्रकरणाचा जीव त्या एका लांबलचक वाक्यात आहे. त्यात पाच गोष्टी सांगितल्या आहेत : जिलेटिनच्या दोन पट्ट्या, त्यांवर ठरावीक ताण ठेवणारे रोलर, खळग्या असलेले उलटसुलट फिरणारे दोन डाय रोल, डायच्या फिरण्याशी ताल जुळवून गोळ्या सोडणारा फीडर, ‘आणि’ प्रत्येक खळगीच्या तळातून हवा ओढून पट्टीला आत खेचणारी निर्वात व्यवस्था. तुम्ही लिहिता की तुमच्या यंत्रात व्हॅक्युम नाही. गोळीच्या दाबाने पट्टी आपोआप ताणली जाते. हे खरं असेल, तर तो ‘आणि’ तुमच्या बाजूने बोलतो. दाव्यातले सगळे घटक तुमच्या यंत्रात असतील तरच भंग. पाचापैकी चार जुळले म्हणजे ऐंशी टक्के भंग, असा हिशेब कायद्यात नसतो.

पण एवढ्यावर निर्धास्त होऊ नका. किरकोळ फेरफार करून पेटंटचा गाभा उचलला असेल तर न्यायालय शब्दांना चिकटून बसत नाही. फिल्मपट्टी पाहण्याच्या खेळण्याबाबतच्या राज प्रकाश विरुद्ध मंगतराम चौधरी या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाने हेच सांगितलं होतं. तेव्हा समोरचा वकील म्हणेल, व्हॅक्युम हा बारीकसा तपशील आहे, गाभा आम्हीच शोधला. म्हणू द्या. तिथेच तो कोंडीत सापडतो.

कारण गाभा जुना आहे. औषध जिलेटिनमध्ये बंद करण्याचं पेटंट फ्रान्समध्ये 1834 सालीच निघालं होतं. गोळ्या सुईवर टोचून जिलेटिनमध्ये बुडवण्याची पद्धत एकोणिसाव्या शतकातली. दोन पट्ट्या आणि दोन फिरते डाय ही कल्पना रॉबर्ट शेररची, 1930 च्या दशकातली. मऊ कॅप्सूल आजही त्याच तत्त्वावर बनतात. त्या पट्ट्यांमध्ये द्रवाऐवजी घट्ट गोळी सोडायची, यावर अमेरिकेत 1990 च्या दशकात पेटंटं दिली गेली आणि त्यांची मुदत कधीच संपली. म्हणजे व्हॅक्युम बाजूला काढलं तर उरतं ते सगळ्या जगाला ठाऊक असलेलं यंत्र. तेव्हा त्यांनी दोहोंपैकी एक निवडावं : व्हॅक्युम महत्त्वाचं असेल तर तुमच्याकडे ते नाही म्हणून भंग नाही, महत्त्वाचं नसेल तर पेटंटात नवं काही नाही म्हणून पेटंटच टिकत नाही. वकिली भाषेत याला जिलेट बचाव म्हणतात, कारण 1913 साली इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये तो दाढीच्या रेझरच्या खटल्यात मांडला गेला. जिलेटिनशी त्याचा संबंध नाही, नाव जुळलं इतकंच.

पेटंट मंजूर झालं म्हणजे ते खरं ठरलं, हाही एक गैरसमज. पेटंट कायद्याच्या कलम 13 मध्येच लिहिलं आहे की तपासणी झाली म्हणून पेटंटच्या वैधतेची हमी मिळत नाही. बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम विरुद्ध हिंदुस्थान मेटल इंडस्ट्रीज हा सर्वोच्च न्यायालयाचा 1978 चा निकाल तुमच्या वकिलाकडून मुद्दाम समजून घ्या. वाद होता लेथवर भांडी धरून ठेवण्याच्या एका युक्तीचा. न्यायालय म्हणालं, कारखान्यातला कुशल कारागीर सहज करील अशी सुधारणा म्हणजे शोध नव्हे, आणि पेटंट रद्द झालं. शिवाय कलम 3(फ) प्रमाणे ओळखीच्या साधनांची नुसती मांडामांड म्हणजे शोध होत नाही.

‘आमचंही पेटंट आहे’ या विक्रेत्याच्या बोलण्याकडे दुर्लक्ष करा. पेटंट दुसऱ्याला रोखण्याचा हक्क देतं. आधीच्या पेटंटचा भंग करायचा परवाना देत नाही. त्याचं पेटंट फीडरवर असेल आणि यांचं डायवर, तर दोघांची पेटंटं सुखाने नांदतात आणि मधल्या मध्ये तुम्ही अडकता. तुम्ही यंत्र बनवलं नाही, फक्त वापरता, हाही बचाव नाही. कलम 48 मध्ये बनवणं, विकणं, आयात करणं यांच्या रांगेत वापरणंही आहे. हरलात तर यंत्र जप्त करण्याचा आदेशही कलम 108 खाली होऊ शकतो.

आता ते माहितीपत्रक. तुम्ही ते कबूल केलंत म्हणून मला तुमच्याबद्दल आदर वाटला, पण कायद्याच्या दृष्टीने ते दुधारी आहे. कलम 111 सांगतं की भंग करताना पेटंट अस्तित्वात आहे हे माहीत नव्हतं आणि तसं मानायला वाजवी कारणही नव्हतं, असं प्रतिवादीने सिद्ध केलं तर त्याच्याकडून नुकसानभरपाई किंवा नफा वसूल होत नाही. मनाई हुकूम मात्र तरीही मिळू शकतो. ‘पेटंटेड’ छापलेलं पत्रक तुमच्या टेबलावर होतं, हे ते तुमच्याविरुद्ध दाखवतील. त्याच कलमाचं स्पष्टीकरण मात्र असं की वस्तूवर नुसता ‘पेटंटेड’ हा शब्द असून भागत नाही, पेटंटचा क्रमांकही हवा. पत्रक आणि यंत्रावरची पाटी एक नव्हेत, पण तर्क तोच लागू करता येईल. शिवाय तुमच्याच म्हणण्यानुसार हे पेटंट अकरा महिन्यांपूर्वी मिळालं. मग चार वर्षांपूर्वी ते कशाच्या जोरावर ‘पेटंटेड’ छापत होते? एकतर दुसऱ्या कुठल्या जुन्या पेटंटबद्दल, नाहीतर बढाई.

पत्रकाची दुसरी धार त्यांना लागू शकते. पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर तो क्रमांक टाका आणि मंजुरीच्या तारखेऐवजी अर्जाची तारीख पाहा. अग्रक्रमाची तारीख, म्हणजे याच शोधासाठी आधी केलेल्या पहिल्या अर्जाची तारीख, वेगळी असेल तर तीही. त्या तारखेआधी हे पत्रक बाजारात वाटलं गेलं असेल आणि त्यात व्हॅक्युमसकट हीच रचना उघड केलेली असेल, तर त्यांनीच आपल्या शोधाचं नावीन्य संपवलं. कलम 64 खाली पेटंट रद्द करायला तो सरळ आधार आहे. म्हणून पत्रक शोधा, ते ज्या ईमेलने किंवा पाकिटातून आलं ते सांभाळा, आणि कुठल्याही परिस्थितीत फाडून टाकू नका. विरोधात जाईल या भीतीने कागद नष्ट करणारे अशील मी पाहिले आहेत. नंतर त्यांना वाचवणं कोणाच्या हातात राहत नाही. नोटिशीचं पाकीटही जपा, कारण ‘माहीत नव्हतं’ हा बचाव त्यावरच्या तारखेपाशी संपतो. त्या दिवसापासून तुम्हाला माहीत आहे.

चार वर्षांचा हिशेब मागणं हाही दबावाचा भाग आहे. अर्ज प्रसिद्ध होण्याच्या आधी घडलेल्या भंगासाठी खटलाच भरता येत नाही, कलम 45 तसं म्हणतं. अर्ज साधारणपणे अठरा महिन्यांनी प्रसिद्ध होतो. ती तारीख काढा, चारातली बरीच वर्षं गळून पडतील असा माझा अंदाज आहे. शिवाय नूतनीकरणाची फी भरली आहे का तेही पाहा. फी थकून पेटंट विझल्याची उदाहरणं दुर्मीळ नाहीत.

अकरा महिने हा आकडा मात्र मला बेचैन करतो. मंजुरी प्रसिद्ध झाल्यापासून एक वर्षाच्या आत कलम 25(2) खाली पेटंट कार्यालयातच विरोध दाखल करता येतो. कोर्टापेक्षा कमी खर्चाचा हा रस्ता तुमच्यासाठी कदाचित महिनाभरच उघडा आहे. फक्त एक अडचण समजून घ्या. डॉ. अलॉयस वोबेन विरुद्ध योगेश मेहरा या 2014 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की असा विरोध करणाऱ्याला पुढे त्याच पेटंटविरुद्ध रद्दबातलीचा अर्ज किंवा प्रतिदावा (त्यांनी भरलेल्या खटल्यातच ‘पेटंट रद्द करा’ अशी उलट मागणी) करता येत नाही. एकच दार निवडायचं. तुमच्या हातात जुने लेख आणि तारीखवार पत्रक असेल तर मी पेटंट कार्यालयाचं दार निवडेन. तज्ज्ञाची उलटतपासणी लागणार असेल तर प्रतिदावा बरा. प्रतिदावा करताच खटला जिल्हा न्यायालयातून उच्च न्यायालयाकडे जातो.

यंत्र आजच बंद करू नका. आधी एखाद्या यांत्रिकी अभियंत्याकडून डाय रोलची मोजमापं, फोटो आणि ‘व्हॅक्युमची जोडणी नाही’ असा लेखी अहवाल घ्या. नोटीस आली म्हणून घाईने यंत्रात बदलही करू नका. बदललं तर ते आधी कसं होतं हे सिद्ध करणं अवघड जाईल. शिवाय सुधारित शेड्यूल एम (औषधनिर्मितीच्या दर्जाचे सरकारी नियम) प्रमाणे उत्पादनप्रक्रियेतल्या महत्त्वाच्या बदलाची नोंद, मूल्यांकन आणि गरजेप्रमाणे पुन्हा प्रमाणीकरण करावं लागतं. एक आग विझवताना दुसरी लावून घेऊ नका. एकतर्फी मनाई हुकूम येऊ नये म्हणून दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 148अ खाली कॅव्हेट, म्हणजे ‘आमचं ऐकल्याशिवाय हुकूम देऊ नये’ असा अर्ज, दाखल करा. ते नव्वद दिवस टिकतं. यंत्र जिथे चालतं तिथल्या जिल्हा न्यायालयात आणि उच्च न्यायालयात करा.

विक्रेता कानावर हात ठेवून बसला आहे, पण त्याला तसं बसता येत नाही. मालविक्री कायदा 1930 च्या कलम 14 मध्ये खरेदीदाराला वस्तूचा निर्वेध ताबा मिळेल अशी हमी गृहीत धरलेली असते. याच धर्तीच्या इंग्लिश कायद्याखाली मायक्रोबीड्स विरुद्ध विनहर्स्ट हा 1975 चा निकाल आहे. रस्त्यावर पट्टे आखण्याची यंत्रं विकली गेली आणि नंतर तिसऱ्याला पेटंट मिळालं. विकताना विक्रेत्याला कल्पनाही नव्हती, तरी तो जबाबदार ठरला. इंग्लंडचा निकाल इथे बंधनकारक नाही, पण तुमच्या गोष्टीशी इतका जुळतो की मी तो नक्की मांडेन. फक्त खरेदी आदेश आणि बिलामागच्या बारीक अक्षरातल्या अटी आधी पाहा. कलम 62 प्रमाणे ही हमी कराराने काढून टाकता येते. ती काढलेली नसेल तर विक्रेत्याला आजच लेखी कळवा की नोटीस आली आहे, बचावाचा खर्च आणि नुकसान तुमच्याकडून घेऊ. फोनवर नको, पोच घेऊन.

नोटिशीला उत्तर पंधरा दिवसांच्या आत द्या, पण ते चार ओळींचं असू द्या : आरोप नाकारतो, संपूर्ण पेटंट आणि अर्जाच्या फाइलीतली पत्रं पाठवा, तपासून कळवू. व्हॅक्युमचा मुद्दा त्यात लिहू नका. तो आत्ताच सांगितला तर दुसऱ्या नोटिशीत दावा क्रमांक 1 सोडून व्हॅक्युमचा उल्लेख नसलेला दावा पुढे येईल. तेव्हा उत्तर पाठवण्याआधी पेटंटचे सगळे दावे, एकूणएक, मला पाठवा.