वाचक विचारतात: तव्यावर वायकिंग भाकर

गेल्या अंकातल्या प्राचीन स्वयंपाकावरच्या लेखानंतर बरीच पत्रं आली. त्यांतल्या निवडक प्रश्नांची ही उत्तरं.

वायकिंगांची जवाची भाकर करून पाहिली. कडा फाटल्या आणि आतून चिकट राहिली. त्यासाठी ओव्हनच लागतो का? (लातूर)

ओव्हन नको. वायकिंग म्हणजे हजारेक वर्षांपूर्वीचे उत्तर युरोपातले दर्यावर्दी. स्वीडनमधल्या बिर्का इथल्या थडग्यांत जळून कोळसा झालेले जे पाव मिळाले, ते लहान, गोल आणि पातळ आहेत. त्यांत मुख्य धान्य जव, जोडीला ओट, गहू अशी इतर धान्यं. नॉर्वेत लांब दांड्याचे सपाट लोखंडी तवेही सापडले आहेत. ज्वारीची भाकर ज्याला थापता येते, त्याचं अर्धं काम आधीच झालेलं आहे. मात्र वायकिंगांनी लिहून ठेवलेली एकही पाककृती नाही. जिन्नस उत्खननातले, खालचं माप आजच्या पिठाला जुळवलेलं.

जवाचं पीठ २०० ग्रॅम, मिक्सरमधून बारीक केलेले साधे ओट्स १०० ग्रॅम, मीठ अर्धा चमचा. पाणी सुमारे २२० मिली, तेही खळखळून उकळलेलं. ओतून पळीनं ढवळा, दहा मिनिटं झाका, हाताला सोसेल इतकं निवलं की परातीत मळा. कडा फाटतात त्या बहुधा पाणी कोमट असल्यानं. जवाचे प्रथिनधागे कमजोर असतात, त्यामुळे भाकर धरून ठेवायचं काम शिजलेल्या पिष्टाला करावं लागतं. म्हणजे आपली उकडच.

चिकटपणाचं कारण वेगळं. जव आणि ओट दोन्हींत बीटा-ग्लुकन नावाचा बुळबुळीत तंतू असतो. गोळा जितका वेळ पडून राहील, तितका तो पाणी ओढून चिकट होतो. तेव्हा सगळं पीठ एकदम मळून ठेवू नका, भाकरीपुरतं घ्या. थापताना खाली कोरडं पीठ सढळ हातानं पसरा. रुंदी वीतभरापेक्षा कमी, १० ते १२ सेंटिमीटर. जाडी अर्धा सेंटिमीटर. लोखंडी तवा मध्यम आचेवर, प्रत्येक बाजू तीन मिनिटं, मग थेट आचेवर कडा शेकून घ्या. ज्वारीसारखी टम्म फुगणार नाही, तिची वाट पाहू नका. गरम असतानाच खावी. गार झाली की दात लागत नाही.

एक इशारा पिठाचा. किराणा दुकानात ‘सातूचं पीठ’ म्हणून मिळतं ते बहुधा भाजलेलं असतं, त्यात गहू आणि डाळंही असतात. ते पेजेला, पेयाला छान. भाकरीला अजिबात नाही. जव आणून गिरणीवर दळून घ्या. आणि गव्हाचा ग्लुटेन ज्यांना चालत नाही, त्यांना जवही चालत नाही.

वाटाणे आणि जव एकत्र शिजवले. कुकरमधून फेस आला, वाटाणे तरी कडकच. मसाला कोणता घालावा? (बोअरचं पाणी वापरतो. जालना)

कंसातलंच उत्तर आहे. बोअरच्या जड पाण्यातलं कॅल्शियम वाटाण्यातल्या पेक्टिनला, म्हणजे पेशी जोडून धरणाऱ्या पदार्थाला, घट्ट करतं, मग कितीही शिट्ट्या द्या. जारचं किंवा पावसाचं साठवलेलं पाणी वापरा, भिजवण्यालाही तेच. खायच्या सोड्यानंही मऊ होतात, पण चव साबणासारखी होते.

अख्खे जव १५० ग्रॅम आणि वाळलेले वाटाणे १०० ग्रॅम, वेगवेगळे आठ तास भिजवून, ताज्या दीड लिटर पाण्यात. कुकर अर्ध्यापेक्षा जास्त भरू नका, जवाचा फेस शिट्टीच्या भोकात अडकतो. एक शिट्टी झाल्यावर बारीक आचेवर २५ मिनिटं.

मसाल्याची चैन नाही. इंग्लंडमधल्या यॉर्कच्या कॉपरगेट उत्खननात वायकिंग काळातल्या थरांत शेपू आणि धण्यांचे अवशेष मिळाले आहेत, म्हणजे आपल्या बाजारात काही कमी नाही. मूठभर शेपू शेवटच्या पाच मिनिटांत, अर्धा चमचा भरडलेले धणे आणि वरून लोणी. मिरची, टोमॅटो, बटाटा तेव्हा युरोपात पोहोचलेच नव्हते. शेंगदाण्याचं कूटही नको.

तापलेले दगड टाकून पाणी उकळतात म्हणे. आमच्याकडे काळा दगड भरपूर. चालेल का? (पैठण)

चालेल, पण निवडून. आयर्लंडमध्ये कांस्ययुगातल्या खड्ड्यांजवळ जळक्या दगडांचे ढीग मिळतात. तसा खड्डा पुन्हा उभारून १९५० च्या दशकात केलेल्या प्रयोगात सुमारे ४५० लिटर पाणी ३५ मिनिटांत उकळलं, आणि गवतात गुंडाळलेली साडेचार किलोची मेंढीची मांडी ३ तास ४० मिनिटांत शिजली.

आपल्याकडच्या बेसाल्टची अडचण त्याच्या छिद्रांत आहे. बऱ्याच दगडांतल्या पोकळ्यांमध्ये पांढरे, चमकदार झिओलाइटचे स्फटिक असतात. झिओलाइटमध्ये पाणी बांधलेलं असतं. तापलं की वाफ होते आणि दगड फुटून तुकडे उडतात. गोदावरीच्या पात्रातला ओला दगडही तसाच धोक्याचा. भरीव, छिद्ररहित, मुठीएवढा दगड घ्या आणि आधी आठवडाभर उन्हात वाळवा. विस्तवाच्या कडेला तासभर ठेवून मगच आत सरकवा. हे काम अंगणातल्या चुलीवर, चष्मा लावून, मुलं लांब ठेवून. गॅसवर कधीच नाही.

तीन लिटर पाण्याला चांगले तापलेले चारएक किलो दगड धरा. लांब चिमट्यानं राख झटकून एकेक अलगद सोडा. भांडं स्टीलचं जाड बुडाचं. मातीचं मडकं दगड टेकताच तडकतं.

आपल्या भागातलं प्रागैतिहासिक जेवण का नाही सांगत? (अंबाजोगाई)

सांगतो. पैठणजवळ आपेगावला ताम्रपाषाणयुगातली वस्ती सापडली आहे. पण जेवणाचा सविस्तर पुरावा पुणे जिल्ह्यातला, घोड नदीकाठच्या इनामगावचा. डेक्कन कॉलेजनं तिथे १९६८ ते १९८३ उत्खनन केलं. जव, गहू, मसूर, कुळीथ आणि बोरं, साधारण इ.स.पू. १६०० ते ७००.

कुळीथ १५० ग्रॅम दहा तास भिजवून सात-आठ शिट्ट्या काढा. त्यात भाजून जाडसर भरडलेले जव ७५ ग्रॅम घालून आणखी वीस मिनिटं शिजवा. आंबटपणाला वाळलेली बोरं गरम पाण्यात भिजवून, बिया काढून कोळ घाला. मीठ, एवढंच.

आइसलँडसारखं मांस दह्याच्या पाण्यात बुडवून टिकवता येईल का? (बीड)

नाही. तिथे तळघर बारा महिने थंड. इथे एप्रिलमध्ये पारा चाळिशी ओलांडतो आणि आंबटपणा मुरण्याआधी मांस सडतं. फ्रिजमध्येही हा प्रयोग नको. त्याऐवजी साय काढलेल्या दुधाचं दही पंच्यात बांधून चार-पाच तास फ्रिजमध्ये टांगा. चक्का भाकरीबरोबर खा, निथळलेलं पाणी जवाच्या पेजेत घाला. ते दोन दिवसांत संपवा.