इनकॉग्निटोमध्ये वाचलं तरी सासूबाईंच्या फोनवर जाहिराती कशा आल्या? इंटरनेट कंपनीने पाहिलं का?

तुम्ही लिहिलंय की धायरीच्या घरी फायबरचं कनेक्शन आहे, महिनाभर तुम्ही लॅपटॉपवर इनकॉग्निटो उघडून आयव्हीएफबद्दल वाचत होतात, घरात कुणाला काही बोलला नव्हतात, आणि परवा सासूबाईंच्या मोबाइलवर आयव्हीएफ सेंटरच्या जाहिराती आल्या तेव्हा त्यांनी तुम्हालाच विचारलं. वाचून फार वाईट वाटलं. ही गोष्ट कधी आणि कशी सांगायची ते तुम्ही दोघांनी ठरवायचं होतं.

मी पुण्यातल्या एका छोट्या इंटरनेट कंपनीत सहा वर्षं नेटवर्कचं काम केलंय, म्हणून लिहितोय. या जाहिरातींमागे बहुधा तुमची इंटरनेट कंपनी नाही. तुम्ही वाचलेल्या साइटवर जाहिरात कंपन्यांचे ट्रॅकर, म्हणजे कोण काय वाचतंय ते टिपणारे छोटे प्रोग्राम, असतात. इनकॉग्निटो बंद केल्यावर तुमच्या लॅपटॉपवरची हिस्ट्री आणि कुकी पुसल्या जातात, एवढंच. तुमचा आयपी पत्ता, म्हणजे तुमच्या कनेक्शनचा इंटरनेटवरचा क्रमांक, ट्रॅकरला दिसायचा तो दिसतोच. त्याच पत्त्यावरून सासूबाईंचा फोन चालतो, म्हणजे हे एकच घर असणार असा अंदाज बांधून घरातल्या सगळ्या स्क्रीनवर जाहिरात सोडली जाते. (स्थानिक कंपन्या बऱ्याचदा एकच पत्ता अनेक घरांना वाटतात, तिथे हा अंदाज चुकतो. पण आयपीव्ही6, म्हणजे पत्त्यांची नवी पद्धत, चालू असेल तर प्रत्येक घराचे पत्ते वेगळे असतात.) आणखी एक आजच बघा: सासूबाईंचा फोन नवा आला तेव्हा तुम्हीच चालू करून दिला होता का, आणि त्यात कुणाचा जीमेल टाकलाय? माझ्या आईच्या फोनमध्ये कितीतरी वर्षं माझाच होता.

आता इंटरनेट कंपनीला काय दिसतं ते. साइट एचटीटीपीएसवर, म्हणजे मजकूर कुलूपबंद करून पाठवणाऱ्या पद्धतीवर, असेल तर तुम्ही कोणतं पान वाचलं, काय शोधलं ते तिला दिसत नाही. साइटचं नाव मात्र दिसतं. एकदा, नावावरून साइटचा आयपी पत्ता काढायला तुमचा लॅपटॉप डीएनएसला (नावाचा पत्ता सांगणाऱ्या सेवेला) विचारतो तेव्हा; आणि पुन्हा, साइटशी जोडणी सुरू होताना जो पहिला निरोप जातो त्यात. कंपनीने बसवून दिलेला राउटर तसाच वापरत असाल तर डीएनएससुद्धा बहुतेक कंपनीचाच असतो.

नुसत्या नावावरून काय कळणार, असं लोक म्हणतात. सोसायटीच्या गेटवरची वही आठवा. कोणता फ्लॅट, कोण आलं, किती वाजता, एवढंच वॉचमन लिहितो. पण एखाद्या फ्लॅटसमोर रोज सकाळी आठला नर्स आणि महिन्यातून दोनदा वकील लिहिलेला असेल, तर त्या घरात काय चाललंय हे आत न जाताही कळतं.

हे मी स्वतः पाहिलंय. एका ग्राहकाची तक्रार होती की ऑफिसची साइट उघडत नाही. कारण शोधायला मी त्यांच्या कनेक्शनचा डीएनएस लॉग, म्हणजे विचारलेल्या साइटच्या नावांची यादी, उघडला. त्या एका नावाच्या वर-खाली कॅन्सर हॉस्पिटलची साइट, केमोथेरपीची माहिती देणाऱ्या दोन साइट, एक कर्ज देणारं अ‍ॅप, आणि हे सगळं रात्री दोन ते चारच्या मधलं. शेजारच्या कॉलममध्ये ग्राहक क्रमांक, आणि त्या क्रमांकावर नाव, पत्ता, आधारची झेरॉक्स. तक्रार मिटवून मी ती खिडकी बंद केली. पण मी बंद केली नसती तरी कुणाला कळलं नसतं, आणि ते मला अजून टोचतं. एखादी साइट आवडली नाही तर आपण ती सोडतो. इंटरनेट कंपनीला मात्र महिन्याचे पैसे आपणच देतो, आणि घरातल्या सगळ्यांचं सगळं तिच्याच तारेतून जातं.

जगात याचा धंदा झालेला आहे. अमेरिकेत व्हेरायझनने मोबाइल ग्राहकांच्या वेब विनंत्यांमध्ये प्रत्येकाची वेगळी खूण घालायला सुरुवात केली होती. कुकी पुसल्या तरी ही खूण राहायची, कारण ती फोनमध्ये नव्हतीच, वाटेत चिकटवली जात होती. 2016 मध्ये त्यांना 13.5 लाख डॉलरचा दंड झाला. त्याच वर्षी तिथे ग्राहकाची संमती बंधनकारक करणारे नियम आले, आणि 2017 मध्ये संसदेने ते लागू होण्याआधीच रद्द केले. आपल्याकडे 2015 मध्ये एअरटेलच्या 3जी नेटवर्कवर ग्राहक उघडतात त्या पानांत परकी स्क्रिप्ट (छोटा प्रोग्राम) घातली जात असल्याचं बंगळुरूच्या एका प्रोग्रामरने उघड केलं. ग्राहकाला आपला डेटा वापर कळावा म्हणून ती आहे, असं कंपनीचं म्हणणं होतं. कारण काहीही असो, वाटेत पान बदलता येतं हे त्यातून सिद्ध झालं. एचटीटीपीएस सगळीकडे आल्यावर हा प्रकार खूप कमी झाला.

सरकारच्या नियमांप्रमाणे कंपन्यांना जोडणीच्या नोंदी दोन वर्षं ठेवाव्याच लागतात. त्या तपास यंत्रणांसाठी असतात, जाहिरातींसाठी नव्हेत. जाहिरातींसाठी तुमची माहिती वापरायची तर 2023 च्या डेटा संरक्षण कायद्याने स्पष्ट संमती लागते, आणि दिलेली संमती तितक्याच सहज मागे घेता आली पाहिजे. त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले, पण कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर 18 महिन्यांनी लागू होतात. तोवर थांबू नका. कनेक्शन घेताना सही केलेला फॉर्म आणि कंपनीच्या अ‍ॅपमधल्या परवानग्या बघा, प्रमोशनच्या नावाखाली काही चालू असेल तर बंद करा, आणि ‘माझी ब्राउझिंगची माहिती जाहिरातींसाठी वापरू नये’ असा मेल पाठवून ठेवा.

घरात करायच्या गोष्टींत डीएनएस पहिला. लॅपटॉपवर क्रोमच्या सुरक्षा सेटिंगमध्ये ‘सिक्युअर डीएनएस’ असतं, तिथे क्लाउडफ्लेअर किंवा क्वाड9 यांपैकी एक डीएनएस सेवा निवडा. अँड्रॉइड फोनवर नेटवर्क सेटिंगमध्ये ‘प्रायव्हेट डीएनएस’ असतं, अँड्रॉइड 9 पासून पुढच्या फोनवर मिळेल. फक्त राउटरमध्ये डीएनएसचे आकडे बदलून भागत नाही. ती विचारणा उघडीच जाते आणि कंपनी ती वाचू शकते. सिक्युअर डीएनएस लावूनही जोडणीच्या पहिल्या निरोपातलं नाव बऱ्याच साइटसाठी दिसत राहील. तेही लपवायचं तर व्हीपीएन (तुमचं सगळं दुसऱ्या कंपनीमार्फत कुलूपबंद नेणारी सेवा) लागतो, पण मग तुमची वही व्हीपीएनवाल्याच्या हातात जाते. फुकटचा व्हीपीएन तर घेऊच नका.

सासूबाईंच्या फोनवरच्या जाहिरातींसाठी मात्र डीएनएसचा उपयोग नाही. त्यासाठी त्यांच्या फोनच्या गूगल सेटिंगमध्ये ‘अ‍ॅड्स’ उघडून जाहिरात आयडी (जाहिरातींसाठी फोनला दिलेली ओळख) डिलीट करा आणि तुमच्या लॅपटॉपवर फायरफॉक्समध्ये युब्लॉक ओरिजिन हे ट्रॅकर अडवणारं एक्स्टेंशन टाका. डॉक्टर, औषधं, तपासण्या यांचं वाचन पुढचे काही महिने घरचं वायफाय बंद करून मोबाइलच्या डेटावर करा. तुमच्या राउटरचं मॉडेल खाली लिहिलंत तर त्यात डीएनएस कुणाचा लावलाय ते कुठे बघायचं, हेही सांगतो.