कोकणात १५ लाखांत घर बांधायचे आहे. स्लॅब टाकावा की कौले घालावीत, आणि खोल्या किती काढाव्यात?

आपण लिहिले आहे की दापोलीजवळच्या वडिलोपार्जित जागेत आई-वडिलांसाठी घर बांधायचे आहे, हाताशी १५ लाख आहेत, भावंडे बाहेरगावी असल्यामुळे सणाला सगळे मावतील एवढे घर हवे, आणि पुढे वर मजला चढवता यावा म्हणून स्लॅबचा विचार आहे. यातली शेवटची दोन कारणे वाचून मला उत्तर लिहिल्यावाचून राहवले नाही, कारण तीच दोन कारणे २०१२ साली आमच्या घरात पुढे केली गेली आणि त्यांचे हप्ते मी २०२७ पर्यंत भरणार आहे.

माझे मत स्पष्ट आहे: स्लॅब टाकू नका, आणि गणपतीची माणसे मोजून खोल्या काढू नका.

मी याच तालुक्यात शिक्षक आहे. आमच्या जुन्या घराची मातीची मागची भिंत एका पावसात बसली, तेव्हा नवे घर बांधणे भाग पडले. बाबांनी वहीच्या कागदावर नकाशा काढला होता. त्यात चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, भिंती, तीन खोल्या, वर मंगलोरी कौले आणि घराच्या पूर्ण लांबीची पडवी होती; पडवीत बाक कुठे ठेवायचा, तेही त्यांनी पेन्सिलीने दाखवले होते. मुंबईहून आलेल्या दादाने तो कागद बाजूला ठेवला. ‘गणपतीला आपण बावीस माणसे असतो, ती झोपणार कुठे?’ हा त्याचा प्रश्न होता, आणि वर मजला होईल तेव्हा त्याचे बिऱ्हाड वर राहील, ही त्याची योजना होती. बाबा एवढेच म्हणाले, की आजवर ती माणसे पडवीतच झोपत आली आहेत. मी त्या वेळी गप्प बसलो.

अखेर पाच खोल्या झाल्या, स्लॅब झाला आणि जागा पुरेना म्हणून पडवी गेली. दादाने त्याच्या परीने दोन लाख दिले, पण ६ लाखांचे कर्ज माझ्या पगारावर निघाले. १२ टक्के व्याजाने, १५ वर्षांच्या मुदतीने महिना ७,२०० रुपये हप्ता बसतो, म्हणजे ६ लाखांचे जवळजवळ १३ लाख होतात. हा गुणाकार मी कर्ज घेण्याआधी केला असता, तर पाचातल्या दोन खोल्या कागदावरच राहिल्या असत्या. त्या दोन खोल्यांना वर्षातले अकरा महिने कुलूप असते आणि पावसाळ्यानंतर गाद्यांची बुरशी काढायचे काम आईकडे असते.

स्लॅब मे महिन्यात पडला, कारण मृग लागण्यापूर्वी छप्पर व्हायलाच हवे होते. आमच्याकडे मे महिन्यात विहिरीचा तळ दिसतो. स्लॅबवर आळी करून निदान आठ-दहा दिवस पाणी साठवून ठेवावे लागते, तेव्हा तो मुरतो. आम्हांला ते चार दिवसच जमले. तिसऱ्या पावसाळ्यात तो गळू लागला, आणि त्या वर्षी गणपतीच्या मखरावर प्लास्टिक बांधून आम्ही आरती केली. डांबर झाले, रसायनाचा थर झाला, आणि शेवटी २०१६ साली स्लॅबवर लोखंडी सांगाडा उभा करून १ लाख ६० हजारांची पत्र्याची शेड घातली. एका घराला आम्ही दोन छपरे घातली, असाच याचा अर्थ होतो. दापोलीहून हर्णैकडे जाताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाहावे. आमच्यासारखी पत्रे चढवलेली स्लॅबची घरे आपल्याला मोजावी लागणार नाहीत, ती आपोआप दिसतील.

पुढच्या मजल्यासाठी कॉलमच्या सळया हातभर वर सोडल्या होत्या. खाऱ्या वाऱ्याने त्या फुगल्या आहेत. नखाने खरवडले तरी पापुद्रे निघतात, आणि गंजाचे पाणी उतरून पुढच्या भिंतीवर तपकिरी ओघळ पडले आहेत. ज्या लोखंडावर मजला उभा राहणार होता, त्याची ही अवस्था आहे.

आता आपल्या प्रश्नाकडे येतो. माझ्या चुलतभावाने गेल्या वर्षी साडेपाचशे चौरस फुटांचे चिऱ्याचे कौलारू घर, पडवी आणि न्हाणीघरासह, १२ लाखांच्या आत पुरे केले, त्यामुळे १५ लाखांत तीन खोल्यांचे घर होईल, असे मला वाटते. पडवी मात्र कमी करू नका. तिच्यावरचे उतरते छप्पर भिंतीला पावसापासून वाचवते, पावसाळ्यात तिला माडाच्या झावळ्यांचे झाप बांधता येतात, आणि सणाला तिथे दहा अंथरुणे पडतात. बंद खोलीपेक्षा ती स्वस्तात होते. चिरे थंडीतच आणून ठेवावेत, कारण खाणीतून निघालेला ताजा चिरा मऊ असतो आणि उन्हावाऱ्यात टणक होतो. खाडीची वाळू कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये. तिच्यातले मीठ लोखंड खाते.

दादा निसर्ग चक्रीवादळाचा दाखला देतो, आणि तो टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. ३ जून २०२० रोजी आमच्या वाडीतल्या एकाही कौलारू घराचे छप्पर धड राहिले नाही. पण वासे ज्यांचे शाबूत होते, त्यांनी कौले मिळतील तशी शाकारून घेतली. आमची शेड मात्र सांगाड्यासह उचलली जाऊन शेजाऱ्यांच्या माडाच्या बागेत पडली. आमच्या डोक्यावर स्लॅब राहिला, हे खरे आहे. त्याखाली आम्ही सुरक्षित होतो, हेही खरे आहे. म्हणून एखादी लहान खोली, निदान न्हाणीघर, पक्क्या छपराचे ठेवावे, एवढे मी मान्य करतो.

आणखी दोन गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. सातबारा सामाईक असेल, तर सर्व हिस्सेदारांच्या संमतीवाचून बँक दारात उभे करत नाही, तेव्हा चिऱ्यांचा भाव काढण्याआधी सह्या घ्याव्यात. आणि जागा समुद्राच्या भरतीरेषेपासून ५०० मीटरांच्या आत असेल, तर किनारा नियमन क्षेत्राचे, म्हणजे सीआरझेडचे, नियम लागतात. खाडीकाठालाही ते आहेत. नकाशा पाहिल्याशिवाय जोते घालू नये. कौलांसाठी लोखंडी पाइप वापरणार असाल, तर तेही गंजतात आणि वेळच्या वेळी रंगवावे लागतात. लाकूड घेतले तर वाळवी पाहावी लागते.

बाबा २०१८ साली गेले. शेवटची सहा वर्षे ते संध्याकाळी पुढच्या पायरीवर बसत, आणि पाऊस आला की उठून आत जात. यंदा दिवाळीनंतर मी त्या सळया कापून घेणार आहे आणि घरापुढे कौलारू पडवी काढणार आहे. बाबांचा कागद आईने जपून ठेवला होता. माप त्यावरूनच घेतले आहे, आणि दादाला तसे कळवले आहे.