हुडहुडी थांबली तर

प्रिय,

अनेक उत्तम आशीर्वाद.

पारा शून्याच्या खूप खाली जातो अशा ठिकाणी तू पहिल्यांदाच राहायला निघणार, हे कळल्यापासून माझ्या मनात हे पत्र घोळतंय. थंडीने हातपाय गारठतात हे कुणीही सांगेल. पण ती माणसाची विचारशक्तीही काढून घेते, आणि ज्याची जाते त्याला ते कळतच नाही. म्हणून थंडीतले निर्णय उबेत असतानाच घेऊन ठेवायचे, एवढंच माझं आग्रहाचं सांगणं आहे.

शरीराच्या आतलं तापमान साधारण 37 अंश सेल्सियस असतं. ते 35 च्या खाली उतरलं की त्याला हायपोथर्मिया म्हणतात. अवघे दोन अंश! आधी जोराची हुडहुडी भरते, कारण स्नायू थरथरून ऊब तयार करत असतात. मग जाकिटाची चेन लावायला बोटं वळत नाहीत, बोलणं अडखळतं, चालताना तोल जातो. माणूस म्हणतो, "मी ठीक आहे, जरा बसू द्या." त्या वेळी त्याचं मुळीच ऐकू नकोस. आणि स्वतः असं म्हणशील तेव्हा सोबत्याने तुझं ऐकायचं नाही, हे निघण्याआधीच ठरवून ठेव. तापमान 32 च्या आसपास गेलं की हुडहुडी थांबते. पाहणाऱ्याला वाटतं, चला, आता बरं आहे. खरं तर शरीराने झुंज सोडलेली असते. या अवस्थेत काहींना उकडू लागतं आणि ते अंगावरचे कपडे काढून टाकतात.

असं कुणी दिसलं तर लगेच वैद्यकीय मदत बोलव. तोवर त्याला आडोशाला ने, ओले कपडे उतरव, कोरड्यात गुंडाळ आणि आधी छाती, मान, काखा यांना ऊब दे. हातपाय चोळायचे नाहीत. हलवायचं तेही अगदी हळुवार, कारण गारठलेल्या हृदयाची लय धक्क्यानेही बिघडू शकते. पूर्ण शुद्धीवर असेल आणि नीट गिळता येत असेल, तरच गरम गोड पेय दे. दारूचा घोट मात्र कुणी कितीही आग्रह केला तरी नको. तिने त्वचेतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, अंग गरम वाटतं आणि आतली ऊब भराभर बाहेर जाते.

कपड्यांचं थोडक्यात: आत घाम शोषून बाहेर टाकणारा थर, मध्ये लोकर, वर वारा अडवणारं जाकीट. सुती कपडा अंगालगत नको, ओला झाला की तो ऊब धरत नाही. चालताना घाम येईल असं वाटलं की तो येण्याआधीच एक थर उतरव. बूट घट्ट नकोत. जाड मोज्यांनी पाय आवळला गेला तर रक्त पोहोचत नाही आणि बोटं आणखी गार पडतात.

वाऱ्याला कमी लेखू नकोस. उणे 10 अंशांत ताशी 30 किलोमीटरचा वारा असेल, तर उघड्या त्वचेला ती थंडी उणे 20 सारखी झोंबते. नाक, कान, गाल, बोटं यांवर पांढरट, मेणासारखा डाग दिसला आणि तिथे स्पर्श कळेनासा झाला, तर तो हिमदंश समज. स्वतःचा गाल स्वतःला दिसत नाही, म्हणून एकमेकांचे चेहरे अधूनमधून पाहत जा. तो भाग चोळायचा नाही, बर्फाने तर नाहीच, आणि शेकोटीजवळही धरायचा नाही, कारण बधिर कातडी भाजली तरी कळत नाही. 37 ते 39 अंशांच्या कोमट पाण्यात तो बुडवावा, पण पुन्हा गोठण्याची शक्यता उरली नसेल तेव्हाच.

आता घरातलं, ज्याची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. कोळशाची शेगडी बंद खोलीत पेटवून कधीही झोपू नकोस. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला रंग नाही, वास नाही. डोकं दुखतं, मळमळतं, गुंगी येते, आणि थकव्यामुळे असेल असं समजून माणूस अंथरुणावर पडतो. असं झालं तर आधी मोकळ्या हवेत ये, मग इतरांना बाहेर काढ आणि मदत बोलव. राहायला गेल्यावर पहिल्याच दिवशी कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लाव.

गाडी बर्फात अडकली तर ती सोडून चालत निघायचं नाही. शोधणाऱ्यांना माणसापेक्षा गाडी लवकर दिसते. इंजिन सुरू करण्याआधी मागची धूर बाहेर टाकणारी नळी बर्फाने बुजली नाही ना, ते उतरून पाहा. इंजिन तासाला 10 मिनिटं चालव, आणि तेवढा वेळ एक काच किंचित उघडी ठेव. ब्लँकेट, टॉर्च, पाणी आणि काहीतरी खायला गाडीत आजच ठेवून दे.

आणि दर वेळी निघताना कुठे जाणार, किती वाजता परतणार, हे कुणाला तरी सांगत जा. ती वेळ टळली तर त्यांनी कुणाला फोन करायचा, तेही लिहून दे.

तुझा,
काका