"ताई, ह्याला कानच नाही हो!"

डिसेंबर आला, तानसेन समारोहाचे मांडव पडायला लागले, की ग्वाल्हेरच्या लश्कर भागातले आई-बाबा माझ्याकडे एकच गाऱ्हाणं घेऊन येतात. "ताई, ग्वाल्हेरात जन्मून ह्याला गाण्याची गोडी नाही. चित्रांतही रमत नाही." 'हा' असतो सात-आठ वर्षांचा!

चिनू (नाव बदललंय) तिसरीतला. घरात तीन पिढ्यांचं गाणं. आजोबांनी तानसेनच्या समाधीपाशी नेऊन चिंचेचा पाला चघळायला लावला होता, गळा गोड व्हावा म्हणून. "आंबट होता," एवढाच संगीतावरचा त्याचा अभिप्राय.

"घरी गाणं लागलं की तू काय करतोस?"

"आजोबा विचारतात, राग कुठला. मग मी पाणी प्यायला जातो."

आईनं मान खाली घातली. मूल बोलतं तेव्हा नुसतं ऐकत राहावं, उत्तर त्यातच असतं, असं मी फार वर्षं मानत आले आहे. तरी इथे पहिली चूक माझीच झाली. रोज पंधरा मिनिटं एक बंदिश लावा, असं सांगून बसले. चिनूचं पाणी पिणं वाढलं.

मग म्हटलं, महिनाभर रागांची नावं बंद. रविवारी किल्ल्यावर जा. तिथल्या मानमंदिर महालाच्या भिंतीसमोर उभे राहा, पण बांधणारा राजा मानसिंह तोमर, कारकीर्द 1486 ते 1516, यातलं काही सांगू नका. फक्त "काय दिसतंय?" आणि मग "अजून?"

"मग हा शिकणार कधी?" आजोबा चिडलेच.

पुढच्या खेपेला चिनू दारातूनच सुरू झाला. निळ्या भिंतीवर पिवळी बदकं आहेत, खूप! मोजताना चुकायला होत होतं, म्हणून त्यानं चार-चारचे गट केले, प्रत्येक गटाला एक टाळी. मी काही न बोलता टेबलावर तीनताल धरला. सोळा मात्रा, चार-चारचे चार भाग. दोन आवर्तनं झाली असतील.

"हे तर बदकांचंच आहे!" आणि लगेच, "पण तिसऱ्या गटाला टाळी का नाही दिलीत? नुसता हात हलवलात."

'खाली', म्हणजे तालातली टाळी नसलेली जागा! ती त्याची त्यानं शोधली होती. मी उत्तर दिलं नाही (जिभेवर आलं होतं, खरं सांगते), आजोबांकडे पाहिलं. एरवी एका श्वासात चार राग सांगणारे आजोबा क्षणभर गप्प. मग म्हणाले, "ये, इथे बस. सांगतो." ही त्यांची पहिली खरी शिकवणी, असं मला आजही वाटतं.

लहान मुलाच्या प्रश्नाआधी पोचलेली माहिती ही तोंडी परीक्षाच ठरते. म्हणून गाण्याचा तीन-चार मिनिटांचाच तुकडा लावा, पण तोच पुन्हा पुन्हा. ऐकताना मूल हललं, नाचलं, तर हलू द्या. गुजरी महालच्या संग्रहालयात गेलात तर सगळी दालनं पालथी घालू नका. एक मूर्ती त्यालाच निवडू द्या आणि तिच्यापाशी थांबा. "छान आहे ना?" विचारू नका, मूल "हो" म्हणून मोकळं होतं. क्लास, परीक्षा पुढे बघता येईल.

चिनू अजून गात नाही. यंदा मात्र आजोबांबरोबर समारोहाला जातोय. पाला खायचा नाही, या अटीवर.