हिरड्यातलं गॅलिक आम्ल गेलं कुठे?

प्रश्न : एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी जुन्नर भागातला बाळहिरडा घेतला आणि ७० टक्के इथेनॉलमध्ये अर्क काढला. फोलिन चाचणीत (एकूण फिनॉल मोजणारी रंगाची चाचणी) आकडा भरपूर आला, पण एचपीएलसीवर (घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) गॅलिक आम्ल जेमतेम दिसलं. अर्क बिघडला का? (विद्यार्थिनी, पुणे)

उत्तर : अर्क ठीक आहे. दोन चाचण्या दोन वेगळ्या गोष्टी मोजतात. हिरड्यात मोकळं गॅलिक आम्ल थोडंच असतं. बाकीचं चेब्युलिनिक, चेब्युलॅजिक अशा टॅनिनांमध्ये (तुरट चवीच्या मोठ्या रेणूंमध्ये) ग्लुकोजला एस्टर बंधाने जखडलेलं असतं. फोलिन अभिकारकाला हा फरक कळत नाही. टॅनिन, मोकळी आम्लं, एवढंच काय क जीवनसत्त्वसुद्धा तो एकाच निळ्या रंगात मोजतो. म्हणून निकाल लिहिताना ‘गॅलिक आम्ल समतुल्य’ हे शब्द गाळू नका. तेवढं गॅलिक आम्ल अर्कात आहे असा त्याचा अर्थ नाही.

जखडलेलं आम्ल सोडवायचं तर आम्लात उकळावं लागेल. त्याआधी अर्कातलं इथेनॉल ४० अंशांवर निर्वात बाष्पीभवनाने पूर्ण काढा. ही पायरी बरेच जण गाळतात. अल्कोहोल राहिलं तर आम्लाच्या सान्निध्यात गॅलिक आम्लाचाच इथाइल गॅलेट बनतो आणि एचपीएलसीच्या आलेखावर एक अनोळखी शिखर उभं राहतं. उरलेला अर्क २ नॉर्मल सल्फ्युरिक आम्लात रिफ्लक्स करा, म्हणजे वाफ थंड करून परत भांड्यात सोडत उकळा. दर तासाला थोडा नमुना काढून मोजा आणि आकडा वाढायचा थांबला की थांबा. वेळ पुस्तकातून उचलू नका, तुमच्या नमुन्यावर ठरवा. तळाशी फिकट पिवळा गाळ दिसेल. तो बहुतांशी एलॅजिक आम्लाचा असतो, पाण्यात जवळपास विरघळत नाही. ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून गाळल्याशिवाय नमुना यंत्रात सोडू नका, कॉलम (घटक वेगळे करणारी नळी) बंद पडेल. गॅलिक आम्ल सी-१८ कॉलमवर फार लवकर बाहेर येतं, त्यामुळे सुरुवातीला मिथेनॉलचं प्रमाण अगदी कमी ठेवा. नमुनाही निव्वळ मिथेनॉलमध्ये टोचू नका, शिखर पसरट होतं.

फोलिनची कृती अशी : २० मायक्रोलिटर नमुना, १.५८ मि.ली. पाणी, १०० मायक्रोलिटर अभिकारक. मिसळून १ ते ८ मिनिटांच्या आत २० टक्के सोडियम कार्बोनेटचं द्रावण ३०० मायक्रोलिटर. २० अंशांवर २ तास ठेवून ७६५ नॅनोमीटरला वाचन. कार्बोनेट शेवटीच, कारण अल्कधर्मी द्रावणात अभिकारक स्वतःच झपाट्याने निकामी होतो.

आणि प्रमाण द्रावणाच्या बाटलीवरचं लेबल नीट वाचा. निर्जल गॅलिक आम्लाचा रेणुभार १७०, मोनोहायड्रेटचा १८८. मोनोहायड्रेट तोलून निर्जल समजलात, तर सगळे निकाल साडेदहा टक्क्यांनी फुगतात.

प्रश्न : भाताच्या कोंड्यात फेरुलिक आम्ल असतं असं वाचलं. ८० टक्के मिथेनॉलने तीनदा काढलं, तरी हाती काही लागेना. (संशोधक सहायक, रत्नागिरी)

उत्तर : धान्याच्या कोंड्यातलं बहुतेक फेरुलिक आम्ल पेशीभित्तीतल्या अरॅबिनोझायलान या शर्करांच्या साखळीला एस्टर बंधाने चिकटलेलं असतं. मिथेनॉल कितीही ओता, हा बंध तुटत नाही. तो अल्कलीने तुटतो.

कोंडा गिरणीतून ताजा आणा आणि लगेच गरम करून वाळवा, नाहीतर त्यातलं लायपेज तेल खवट करतं. हेक्झेनने तेल काढून टाका. १ ग्रॅम कोंड्याला २ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड २० मि.ली., वर नायट्रोजन, ४ तास अंधारात खोलीच्या तापमानाला हलवत ठेवा. मग बर्फात ठेवून हायड्रोक्लोरिक आम्लाने पीएच २ वर आणा. इथे घाई केली की फसगत होते : आम्ल घालताच सुटलेले पॉलिसॅकराइड आणि प्रथिनं साकळतात. ती सेंट्रिफ्यूज करून आधी बाजूला काढा. तशीच राहिली तर इथाइल अॅसिटेट घातल्यावर मधोमध जाड फेसाळ थर बसतो आणि दोन थर वेगळे होत नाहीत. तेवढ्याच आकारमानाच्या इथाइल अॅसिटेटने तीनदा काढा, निर्जल सोडियम सल्फेटवर वाळवा, ४० अंशांवर आटवा, मिथेनॉलमध्ये घ्या, ३२० नॅनोमीटरला मोजा. काचेला फॉइल गुंडाळा. उजेडात ट्रान्स रूपाचं सिस होतं आणि एका शिखराची दोन होतात.

हीच कृती हिरड्याला लावू नका. गॅलिक आम्ल अल्कलीत हवा लागताच हिरवट, मग तपकिरी होतं. वांग्यातलं क्लोरोजेनिक आम्लही असं टिकत नाही. त्याचं कॅफेइक आणि क्विनिक आम्ल होतं, आणि कॅफेइक पुढे हवेने जळतं. कॅफेइक मोजायचंच असेल तर अल्कलीत १ टक्का अॅस्कॉर्बिक आम्ल आणि १० मिलिमोलर ईडीटीए (धातूंचे आयन धरून ठेवणारा पदार्थ) घाला.

प्रश्न : हिरड्याचा काढा लोखंडी कढईत केला, तो शाईसारखा काळा झाला. घ्यावा का? (गृहिणी, नाशिक)

उत्तर : टाकून द्या. ती खरोखर शाईच आहे. हिरडा आणि हिराकस (लोहाचं सल्फेट) यांपासून शाई अशीच करत. पुढच्या वेळी स्टीलचं किंवा मातीचं भांडं घ्या. पोटातही टॅनिन लोहाला धरून ठेवतात, म्हणून लोहाची गोळी चालू असेल तर गोळी आणि काढा यांत निदान दोन तासांचं अंतर ठेवा.

प्रश्न : आमच्या अर्काने डीपीपीएच या अँटिऑक्सिडंट चाचणीत उत्तम गुण दाखवले, पेशींच्या चाचणीत कर्करोगाच्या पेशीही मेल्या. ‘कर्करोगरोधक’ लिहिता येईल का? (फार्मसी विद्यार्थी, सांगली)

उत्तर : नाही. डीपीपीएच ही कुपीतली रंगाची प्रक्रिया आहे. मिथेनॉलमधला जांभळा रंग ५१७ नॅनोमीटरला किती उतरला, एवढंच ती सांगते. आकडा डीपीपीएचच्या संहतीवर आणि वेळेवर बदलतो, म्हणून दोन प्रयोगशाळांचे आकडे ताडून पाहण्याआधी दोन्ही तपासा.

पेशींच्या निकालात मोठा खड्डा आहे. गॅलिक आम्ल पेशी वाढवण्याच्या माध्यमात हवेशी संयोग पावून हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करतं. पेशी त्यानेच मेल्या असतील. कॅटालेज (पेरॉक्साइड तोडणारं विकर) घालून चाचणी पुन्हा करा. कॅटालेजसोबत पेशी वाचल्या, तर ते माध्यमातल्या पेरॉक्साइडचं काम होतं. शिवाय पोटात गेलेलं गॅलिक आम्ल तसंच राहत नाही, त्याचा बराचसा भाग ४-ओ-मिथाइल गॅलिक आम्ल होऊन लघवीत येतो. तुम्ही पेशींवर घातलेली मात्रा रक्तात कधी पोचू शकते का, हे प्रबंधात लिहा आणि शीर्षकात ‘प्रयोगशाळेतील पेशींवर’ हे शब्द ठेवा.